रावेरची चिलटं

२९ मार्च १९९२, जळगाव

पतपेढीनं जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. पहिल्या चार पानांवर बायकोनं, प्रमिलानं, कैरीच्या लोणच्याचं प्रमाण उतरवून ठेवलंय, म्हणून माझं लिखाण पाचव्या पानापासून. पुण्याचे सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले होते की प्रयोगाचं रजिस्टर वेगळं ठेवा आणि डोक्यातल्या कटकटीची वही वेगळी ठेवा. ही कटकटीची.

सकाळी रावेरला जाऊन आलो. चुलतभाऊ झुलालच्या शेडमध्ये केळीचे ट्रक भरतात आणि मागच्या बाजूला नासक्या फण्यांचा ढीग असतो. तिथं दुधाच्या बाटल्यांत केळ्याचे तुकडे टाकून बसलो. तासाभरात बाटल्या बारक्या माश्यांनी भरल्या. कापसाचे बोळे लावताना झुलाल हमालांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सारं गाव चिलटं हाकलतं, अन् याले घरी न्यायाची!" हमाल खदाखदा हसले. मीही हसलो, पण बसमध्ये बाटल्या मांडीवर घेऊन बसल्यावर ते मनाला लागलं. बेचाळीस वर्षांचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आणि चिलटं पकडत हिंडतोय.

पण याच चिलटांत घड्याळ आहे. चिंचेची पानं अंधाऱ्या खोलीत ठेवली तरी रोज वेळेवर मिटतात आणि उघडतात, हे मी लहानपणी घरी करून पाहिलं होतं. माशीचंही तसंच. कोषातून ती पहाटेच बाहेर पडते. तिला उजेड दाखवला नाही तरी पहाटेच. वीस वर्षांपूर्वी परदेशात या घड्याळाचं जनुक सापडलं. ते एका जागी बिघडलं तर माशीचा दिवस एकोणीस तासांचा होतो, दुसऱ्या जागी बिघडलं तर एकोणतीस तासांचा, आणि तिसऱ्या प्रकारात माशीला वेळच कळत नाही. आठ वर्षांपूर्वी ते जनुक वेगळं काढून अक्षर अक्षर वाचलं गेलं. आता म्हणतात, जनुकापासून प्रथिन बनतं, ते साठलं की परत येऊन त्याच जनुकाला गप्प बसवतं, मग झिजून संपतं, आणि जनुक पुन्हा सुरू होतं. या एका फेरीला एक दिवस लागतो. वनस्पतींचं असं जनुक अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडच्या, या भट्टीत वाढलेल्या माशीचं घड्याळ पुण्याच्या माशीसारखंच चालतं का? पीएच.डी.ला नाव घालून सहा वर्षं झाली. शेवटची मुदतवाढ डिसेंबरात संपते. त्यानंतर नाव कटणार. स्टाफरूममध्ये "सर, झालं का?" विचारणारे आता विचारतही नाहीत, ते जास्त बोचतं.

५ एप्रिल

खोली मिळाली. जुन्या दगडी इमारतीतली, बिनखिडकीची, पूर्वी भंगार ठेवायचे ती. बाहेर चव्वेचाळीस असलं तरी आत बत्तीसच्या वर जात नाही. माश्यांना तेवढंही सोसत नाही, म्हणून बाहेरच्या बोळात कूलर बसवला आणि काळ्या कापडाच्या बाहीतून गार हवा आत सोडली. आत मिट्ट काळोख. माश्या मोजताना टॉर्चला लाल कागद गुंडाळायचा. तो लाल उजेड माशीला दिसत नाही.

कॉलेजात तापमान स्थिर ठेवणारं कपाट एकच आहे. त्यात पुण्याहून सरांनी पाठवलेल्या माश्या ठेवल्या, त्या पाहुण्या. रावेरच्या आपल्या घरच्या, म्हणून त्यांना ही काळोखी खोली.

नळाला पाणी संध्याकाळी पाच ते सहा. तेवढ्यात लिलाबाई पाइप लावून कूलरची टाकी भरतात. भरली की मी तापमान बघतो. सत्तावीस.

लिलाबाई आमच्या विभागातल्या शिपाई. सहा वर्षं हंगामी आहेत. माहेर धुळ्याचं, यजमान वारले, इथं एका खोलीत भाड्यानं राहतात. पहाटे साडेपाचला झाडायला येतात, त्यामुळे माझ्याआधी त्याच असतात. चौथी शिकलेल्या आहेत, पण मोजणीला माझ्या एम.एस्सी.च्या पोरांपेक्षा पक्क्या. सकाळच्या मोजण्या मी करतो, दुपार ते संध्याकाळ त्या. बाटली हलक्या हातानं उपडी करतात आणि ओठ हलवत मोजतात. एकही आकडा खाडाखोड करून लिहीत नाहीत.

१४ एप्रिल

आज जयंतीची सुटी. काल लिलाबाई म्हणाल्या होत्या, "सर, सांजले मिरवणुकीले या. घर बी जवळ शे, वहिनीसले लई या." मी म्हटलं, बघतो. गेलो नाही. माश्यांचं कारण होतंच, पण खरं सांगायचं तर माश्या नसत्या तरी गेलो असतो की नाही कुणास ठाऊक. स्वतःशी तरी खोटं कशाला बोला.

दुपारी झोप लागली आणि पाणी येऊन गेलं. रात्री आठला पिंपातलं पाणी बादलीनं कूलरमध्ये ओतलं. कंबर धरली.

१५ एप्रिल

माश्या आज तब्बल तीन तास उशिरा निघाल्या. रोज सहा-सातला निघतात, आज नऊनंतर. मोजण्यात माझंच काही चुकलं असणार. या दिवसाचा आकडा गाळावा का?

गाळला.

२२ एप्रिल

आधी हे लिहितो, मग जेवतो.

काळोखात पुण्याच्या माश्यांची वेळ रोज अर्ध्या तासानं मागे सरकतेय. तसंच व्हायला हवं. त्यांचं घड्याळ साडेतेवीस तासांचं आहे आणि चूक सुधारायला सूर्य नाही. आणि रावेरच्या माश्या? सतरा दिवस झाले, सकाळी सहा ते सात, रोज. एक मिनिट सरकायला तयार नाहीत. चोवीस तास म्हणजे चोवीस तास!

असं घड्याळ कुणी पाहिलेलं नाही. जनुकात काहीतरी वेगळं असल्याशिवाय हे होणार नाही. पुण्याला पत्र टाकलं. प्रमिलाला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्याकडची चिलटं वक्तशीर, आणि आपल्याकडची माणसं?" मला इतका आनंद झाला होता की हा टोमणाही गोड लागला.

२८ एप्रिल

लिलाबाईंची गंमत. सकाळी कूलरजवळ झाडू घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, एक सांगू? कूलर कोल्ला व्हयना का चिलटं निंघतस. त्याना पंप खडखड कराले लागस, अन् मंग घडीभरमा निंघतस. मी रोज देखस." टाकीचं पाणी बारा तास पुरतं. संध्याकाळी भरली की पहाटे पहाटे संपते आणि पंप कोरडा वाजतो, हे खरं आहे.

मी त्यांना समजावून सांगितलं, की उकाड्यानं या घड्याळाचा वेग बदलत नाही. हे जगभर सिद्ध झालंय, तेच तर त्याचं वैशिष्ट्य. अठरा अंश असो की अठ्ठावीस, दिवस तेवढाच. त्या "हं" म्हणाल्या. पटलेलं नव्हतं.

आणि रजिस्टरात आकड्यांच्या बाजूला त्या बारीक गोल काढून ठेवतात. रोज एक. विचारलं तर म्हणाल्या, "काही नही, मनी खूण शे." मी म्हटलं, बाई, हे शास्त्राचं रजिस्टर आहे, इथं नक्षी नको. नाहीतरी मी सगळं फेअर करतोच, त्यात गोल येणार नाहीत.

४ मे

पुण्याहून उत्तर आलं. सहा जूनच्या परिसंवादात मला अर्धा तास दिलाय. सरांनी लिहिलंय की रावेरच्या माश्या पाठवा, त्यांचं जनुक वाचून बघू. "तुम्ही म्हणता तसं असेल तर मोठी गोष्ट आहे." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते लिहायला लाज वाटते.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. जाता जाता म्हणाले, नऊ जूनला शिपायाच्या कायम जागेच्या मुलाखती आहेत, विभागाचा शेरा लागेल. मी म्हटलं, लिलाबाईंना डोळे मिटून घ्या. बाहेर येऊन त्यांना सांगितलं. दुपारी माझ्या टेबलावर त्यांच्या डब्यात शेवभाजी होती. मी ती घरी नेली. प्रमिलानं विचारलं, तिथंच का नाही खाल्ली? मी म्हटलं, भूक नव्हती. भूक होती.

११ मे

नगरपालिकेनं वेळ बदलली. आजपासून आमच्या भागात पाणी पहाटे साडेपाचला. सगळ्या कॉलनीची झोप उडाली. लिलाबाई म्हणाल्या, काही हरकत नाही, मी झाडायला येतेच, टाकी तेव्हाच भरते. तापमानही तेव्हाच बघितलं. सत्तावीस. प्रयोगात काही फरक पडायचं कारण नाही.

१६ मे

माश्यांना काय झालंय? दोन दिवस सकाळी थोड्या, दुपारी थोड्या. आज सकाळी जवळपास नाहीतच.

२० मे

संध्याकाळी! सगळ्या संध्याकाळी सहानंतर निघतायत. कालही, आजही. जगात कुठलीच माशी संध्याकाळी निघत नाही. परिसंवादाला सतरा दिवस उरलेत आणि माझ्या वक्तशीर माश्यांनी बारा तासांची उडी मारली.

संध्याकाळच्या मोजण्या लिलाबाई करतात. संध्याकाळीच निघतायत. याचा अर्थ मला लावायचा नाही, पण तो आपोआप लागतोय. खोलीत गारवा असतो, बाहेर भट्टी. दार उघडं टाकून बसत असतील तर? किंवा लाल कागद न लावता टॉर्च मारत असतील तर? एवढासा उजेडसुद्धा घड्याळ हलवायला पुरतो.

२१ मे

संध्याकाळी पावणेसहाला मुद्दाम न सांगता गेलो. लिलाबाई बोळात कूलरला कान लावून उभ्या होत्या, खोलीच्या दारापासून दोन हातांवर. मी विचारलं, दार उघडलं होतं का? म्हणाल्या नाही, मोजायला अजून वेळ आहे. मी आवाज चढवला. मग तो चढतच गेला. सहा वर्षं म्हणालो, मुदत म्हणालो, तुम्हाला काय कळणार म्हणालो. दोन पोरं व्हरांड्यात थांबून ऐकत होती.

त्या म्हणाल्या, "मी दार उघाडं नही, सर. मनी आन शे. कूलर आते सांजले कोल्ला व्हस, म्हनीसन चिलटं—" मी म्हटलं, पुन्हा कूलर नको!

दार बंद होतं, हे मी पाहिलं होतं. इथं लिहून ठेवतो.

२३ मे

प्राचार्यांना पत्र दिलं. नक्कल इथं उतरवतो:

"प्राणिशास्त्र विभागातील हंगामी शिपाई लिलाबाई या अंधाऱ्या खोलीचे दार सूचना देऊनही उघडतात. त्यामुळे दि. ११ मेनंतरची निरीक्षणे निरुपयोगी ठरली आहेत. तरी त्यांना या कामावरून दूर करावे."

आता अकरा मेनंतरचे आकडे गाळायला कारण कागदावर आहे. परिसंवादात अकरा मेपर्यंतचा आलेख दाखवीन. तो सुंदर आहे.

प्रमिलानं विचारलं, "तुम्ही पाहिलं का त्यांना दार उघडताना?" मी म्हटलं, पाहायची गरज नाही, माश्यांनी सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली.

२६ मे

लिलाबाईंना आजपासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं दुसऱ्या विभागात पाठवतील. प्राचार्य म्हणाले, लेखी तक्रार असलेला माणूस दुसरं कोण घेईल? जाताना त्यांनी खोलीची किल्ली, लाल कागदाची टॉर्च आणि रजिस्टर माझ्या टेबलावर ओळीनं मांडलं. टॉर्चमध्ये नवे सेल घातलेले होते.

आता किल्ली फक्त माझ्या खिशात. टाकीही मीच भरतो.

३ जून

आठ दिवस खोलीत माझ्याशिवाय कुणी गेलेलं नाही. आणि माश्या संध्याकाळी सहालाच निघतायत.

दुपारी परिसंवादाचा तक्ता करायला लिलाबाईंचं कच्चं रजिस्टर काढलं. गोल दिसले. अकरा मेपर्यंत एक सोडून प्रत्येक गोल पहाटेच्या पाच-सहाच्या रकान्यात. अकरानंतर प्रत्येक गोल संध्याकाळच्या पाच-सहाच्या रकान्यात. मधले गोंधळाचे दिवस सोडले तर माश्यांचा मोठा आकडा प्रत्येक वेळी गोलाच्या पुढच्या रकान्यात. चौदा एप्रिलला गोल नाही, त्या दिवशी बाई सुटीवर होत्या, आणि मी आठला पाणी ओतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गोल सकाळी आठ-नऊच्या रकान्यात होता, माश्या तीन तास उशिरा आल्या होत्या, आणि तो आकडा मी गाळला होता.

कूलर कोरडा झाला की पंप वाजतो, खोली सत्तावीसची बत्तीस होते, आणि त्या ऊब लागण्यालाच माश्या पहाट समजतात. उकाड्यानं घड्याळाचा वेग बदलत नाही हे खरं. पण काटे फिरतात. उजेड नसेल तर ऊब काटे फिरवते. हे पुस्तकात होतं, मी वाचलं होतं, आणि वाचून पुढचं पान उलटलं होतं. मी तापमान रोज बघत होतो ते टाकी भरल्याबरोबर, म्हणून रोज सत्तावीस. कुणी आपलं वजन रोज उपाशीपोटीच करावं आणि जेवणानं काही वाढत नाही म्हणावं, तसलं हे.

रावेरची माशी साधी आहे. पुण्याच्या माशीसारखीच. माझ्याकडे काहीही नाही.

आणि त्या बाईनं दार उघडलेलं नव्हतं.

आत्ता साडेचार वाजलेत. प्राचार्य पाचपर्यंत असतात.

१२ जून

नऊ दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून नव्हे.

तीन तारखेला मी प्राचार्यांकडे गेलो नाही. म्हटलं, उद्या जाऊ. चारला म्हटलं, आधी परिसंवाद होऊ दे. सहाला पुण्यात उभा राहिलो आणि अकरा मेपर्यंतचा आलेख दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, खोलीचं तापमान? मी म्हणालो, सत्तावीस. ते खोटं नव्हतं, म्हणून तर जीभ अडखळली नाही. सरांनी पाठीवर हात ठेवला. तो हात अजून पाठीवर आहे असं वाटतं आणि अंग चोरावंसं वाटतं.

नऊ तारखेला मुलाखती होत्या. लिलाबाई आल्या होत्या. तक्रार असली तरी अर्ज होता, म्हणून बोलावणं गेलं असणार. कडक इस्त्रीची निळी साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. व्हरांड्यात समोरासमोर आलो. त्यांनी हात जोडले. मी नोटीस बोर्ड वाचायला लागलो. त्यावर मागच्या वर्षीच्या क्रीडास्पर्धांचा निकाल होता. तो मी सगळा वाचला, लांब उडीपर्यंत.

अकरा तारखेला ऑर्डर निघाली, दुसऱ्याच बाईंची. तेव्हा मी केबिनमध्ये गेलो. गेलो ते सगळं संपल्यावर, हे मला कळतं. म्हटलं, सर, त्या तक्रारीत माझी थोडी चूक झाली असावी. प्राचार्य म्हणाले, "शेरा तुमचाच होता. आता परत घेतलात तर तुमच्या प्रयोगाचं काय सांगणार?" मी म्हटलं, बरं. आणि उठलो. चहा दिला नव्हता.

चूक कुणाकडूनही होते. तीन तारखेपर्यंत ती चूक होती. त्यानंतरच्या दिवसांना काय म्हणावं ते मला लिहवत नाही.

२७ जून

पाऊस सुरू झाला, कूलर बंद केला. खोली आता दिवसरात्र एकसारखी. माश्या रोज अर्धा तास मागे सरकतायत. आज दुपारी तीनला निघाल्या. मी गोल काढण्यासाठी पेन उचललं, मग आठवलं की आता वाजणारा पंपच नाही.

प्रमिलाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ते ताट तिनं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्या डब्यातली भाजी मी खाल्ली होती. चांगली होती." आणि आत गेली.

६ जुलै

पुण्याचं पत्र. रावेरच्या माशीचं जनुक वाचून झालं. काहीही फरक नाही. खाली सरांच्या अक्षरात: "खोलीच्या तापमानाची चोवीस तासांची नोंद पाठवा." म्हणजे त्यांना वास आलाच.

तशी नोंद माझ्याकडे नाही. ती एकट्या लिलाबाईंकडे होती, गोलांची. सगळ्या पानांची झेरॉक्स काढली, काय घडलं ते सरळ लिहिलं, परिसंवादातलं टिपण मागे घेतो म्हणून लिहिलं, आणि पाकीट हातानं पेटीत टाकलं. डिसेंबरात नाव कटेल. कटू दे असं म्हणणार होतो, पण तसं वाटत नाही. वाईट वाटतंय. मात्र प्राचार्यांच्या केबिनसमोरून चालताना वाटतं तेवढं नाही.

लिलाबाई खोली सोडून धुळ्याला भावाकडे गेल्या, असं ऑफिसातून कळलं. पत्ता घेतला.

१२ जुलै

धुळ्याहून परत आलो. जेवलो नाही. सगळं जसंच्या तसं लिहून काढतो.

पारोळ्यापर्यंत उभ्यानं गेलो. देवपुरात विचारत विचारत घर सापडलं. रविवार, म्हणून सगळे घरी. लिलाबाईंचा भाऊ सुकदेव, गिरणीत कामाला. आई आक्काबाई खाटेवर बसल्या होत्या. लिलाबाई मसाला कांडपाच्या ठिकाणी जातात आता, हाताची बोटं तिखटानं लाल झाली होती. मला बघून दचकल्या, मग जयभीम केला, पाट दिला, पाणी दिलं. पहिला प्रश्न विचारला तो असा: "चिलटं कशी शेतस, सर?"

मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं. कूलरच होता.

त्या आनंदल्या! खरंच, तोंड उजळलं. आईकडे वळून म्हणाल्या, "माय, मी सांगे ना, कूलर कोल्ला व्हस म्हनीसन?" आक्काबाईंना काही कळलं नाही, त्यांनी मान हलवली. सुकदेव हसला नाही. तो म्हणाला, "सर, बठ्ठा गल्लीमा बोलतस, हिनी काहीतरी चोरी करी म्हनीसन काढी टाकी. आते कूलर व्हता का पंखा व्हता, त्यानं काय करानं?"

मी म्हटलं, मी काय करू सांगा. नोकरी परत आणणं माझ्या हातात नाही, मी विचारून आलोय. लिलाबाई म्हणाल्या, "लिखी द्या. मी दार उघाडं नही, एवढं लिखी द्या."

माझ्याकडे कागद नव्हता, पिशवीत ही डायरी होती. एका पानावर लिहिलं: "काही तांत्रिक कारणांमुळे लिलाबाई यांच्याविषयी गैरसमज झाला होता. तो आता दूर झाला आहे." सही केली. हे वाक्य मी बसमध्येच जुळवून ठेवलं होतं, आणि मला ते बरं वाटलं होतं.

लिलाबाईंनी सावकाश वाचलं, ओठ हलवत, माश्या मोजायच्या तसं. मग विचारलं, "तांत्रिक म्हन्जे कोन, सर?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी त्या ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं: "लिलाबाईंनी दार उघडले नव्हते. दार बंद होते हे मी पाहिले होते. चूक कूलरच्या पाण्याची होती आणि ती लिलाबाईंनी मला आधीच सांगितली होती. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला." पुन्हा सही.

"आते तारीख लिखा."

मी लिहिलं, १२ जुलै. त्यांनी पान बघितलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "आजनी नही. तुमले समजनं ती."

सहा वर्षं त्यांनी माझं रजिस्टर ठेवलं. गोष्ट घडली त्या रकान्यात खूण करायची, लिहायला बसलो त्या वेळी नव्हे, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मला काहीही सांगता आलं असतं. जूनची अखेर म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं, कारण त्या माझं मानत आल्या आहेत. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, चहा ठेवलेला होता.

मी लिहिलं: "हे मला ३ जून १९९२ रोजी दुपारी कळले."

सुकदेवनं पान घेतलं आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. तारखेपर्यंत आला. लिलाबाई बोटं मोजत होत्या. तीन, चार, पाच. नऊवर, मुलाखतीच्या तारखेवर, थांबल्या. मग माझ्याकडे बघितलं.  त्यांनी मला चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं. त्या उठल्या आणि आत गेल्या.

परत बाहेर आल्या नाहीत. चहा सुकदेवनं आणून दिला. मी तो संपूर्ण प्यायलो, कप खाली ठेवला, आणि आक्काबाईंना येतो म्हणालो. डायरीतलं पान मी फाडून खाटेवर ठेवलं होतं, ते त्यांनी चष्म्याच्या घरात दुमडून घातलं.

या वहीत याच्या आधीचं एक पान नाही. ते धुळ्याला आहे.